म्हणे कुठे लावायचं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे बायकोच्या पायाची नखं कापणं. तिला वाकता येत नव्हतं. पाय सुजलेले, हृदय थकलेलं, डॉक्टरांनी पाणीसुद्धा बेतानं प्यायला सांगितलेलं. वारज्याच्या आमच्या घराला गॅलरी आहे, तिथं ती खुर्चीवर आणि मी खाली पाटावर, मध्ये जुना पेपर. एक नख उडालं ते कुंडीत गेलं.

"अहो, पुदिना आहे त्यात. उद्या चटणीत येईल."

"येऊ दे. तुझंच आहे."

"आणि हळू जरा. बस नाही चालवत आहात."

आयुष्यभर मी बसच चालवली. शिक्षण चौथीपर्यंत. त्यामुळे ती असं बोलली की मी जास्तच जोरात कापायचो. त्या दिवशी मात्र हळू कापली, कारण बोटं सुजून नखं आत गेली होती. करंगळीला तिनं "स्स" केलं. मी फुंकर मारली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. कशी गेली ते लिहायला बसलोय, कारण ते सांगणारे आता पुष्कळ झालेत आणि जे सांगतात त्यात ती कुठंच नाही.

आमचं घर ख्रिस्ती, कॅथलिक. ती रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की तिथल्याच हॉलमध्ये पोरांना धर्मशिक्षण द्यायची. त्याचे पैसे नव्हते. सगळे तिला बाई म्हणायचे, पोरांचे आईबापसुद्धा. पोरांना सगळ्यांत आवडायच्या त्या संत बायांच्या गोष्टी. हॉलच्या भिंतीवर त्यांची चित्रं होती. एकीच्या हातात ताटली आणि ताटलीत दोन डोळे. एकीच्या शेजारी खिळे मारलेलं मोडकं चाक. एकीच्या हातात सांडशी आणि सांडशीत उपटलेला दात. नावं परदेशी, माझ्या जिभेला वळायची नाहीत. मी त्यांना ताटलीवाली, चाकवाली, दातवाली म्हणायचो. आधी ती चिडायची. मग घरात तीही तसंच म्हणायला लागली. "आज चाकवालीचा सण आहे, चिकन आणा."

मग एक तरुण फादर आले. बाहेर शिकून आलेले. त्यांनी एक रविवार मागं बसून तिचा वर्ग ऐकला आणि नंतर म्हणाले, "बाई, छान सांगता. पण यातला इतिहास कुठला आणि मागाहून रचलेलं कुठलं, हे पोरांना कळायला नको का?"

ती घरी आली ती चप्पल भिरकावतच.

"म्हणजे इतकी वर्षं मी थापा मारत होते?"

"मी कुठं म्हणालो?"

"तुम्ही नाही, फादर."

"मग त्यांच्यावर चप्पल फेकायची."

आठवडाभर धुसफुस केली आणि मग त्याच फादरांकडून पुस्तकं आणली. इंग्रजी होती. ती मॅट्रिक, तिला जमायचं, अडलं तर फादरांना विचारायची. दुपारी मी ड्यूटीवरून आलो की जेवताना मला सांगायची. मला त्यातलं काय कळणार, पण ती सांगायची म्हणून ऐकायचो. ऐकता ऐकता गोडी लागली.

चाकवालीचं निघालं की ती मेली त्या काळापासून पुढं शेकडो वर्षं तिच्याबद्दल कुणी एक ओळ लिहिलेली नाही. पन्नास पंडितांना तिनं वादात हरवलं, तिला छळून मारायला आणलेल्या चाकाला तिचा हात लागताच चाक मोडलं, हे सगळं फार मागाहून आलं. बहुतेक अशी कुणी मुलगी झालीच नाही. ताटलीवाली झाली असावी, मारलीही गेली असावी, पण डोळ्यांचं प्रकरण नंतर कुणीतरी चिकटवलेलं. एक होती तुरुंगातली. तिचं चित्र आमच्या हॉलमध्ये नव्हतं. तिनं तुरुंगात स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय की तान्हं बाळ जवळ नव्हतं तोवर जीव कासावीस व्हायचा, आणि बाळ आणून दिलं तेव्हा त्याच तुरुंगाचा महाल वाटला. हे तिनं मला दोनदा वाचून दाखवलं. म्हणाली, "बघा, हिला काही चिकटवायची गरजच नाही."

पण तिचा जीव होता दातवालीवर. चित्रात ती गोरीपान तरुण पोरगी, राजकन्येसारखी. आणि खरी गोष्ट काय, तर ती राहायची त्या शहराच्या बिशपांनी त्याच काळात एका पत्रात लिहिलंय की जमावानं एका म्हातारीला धरलं, मारून मारून तिचे दात पाडले, गावाबाहेर जाळ केला आणि देवाला शिव्या दे म्हणून धमकावलं. म्हातारी म्हणाली, जरा सोडा. त्यांनी हात सोडले, तशी तिनं स्वतःच आगीत उडी घेतली.

"म्हातारी होती हो ती," ही मला सांगत होती. तेव्हा हिची कवळी नवीन होती, घरात काढूनच ठेवायची. "माझ्यासारखी बोळकी. चित्रकाराला बोळकं चालेना, म्हणून पोरगी केली तिची. तिची खरी गोष्ट तिच्याकडनं काढूनच घेतली की."

एवढा राग मी तिला फार कमी वेळा आलेला पाहिला.

तिनं गोष्टी सोडल्या नाहीत. पोरांना चाकवालीही सांगितली आणि ताटलीवालीही. फक्त एक नियम केला. जे कुणी डोळ्यांनी पाहिलं किंवा त्या काळी लिहून ठेवलं, ते सरळ सांगायचं. बाकीच्याला म्हणे लावायचं. "चाकाला तिचा हात लागला आणि चाक मोडलं म्हणे." "आकाशातून देवदूत आले म्हणे." पोरांना हा खेळच झाला. ती मुद्दाम विसरायची आणि सगळा हॉल ओरडायचा, "बाई, म्हणे राहिलं!" काही आया फादरांकडे तक्रार घेऊन गेल्या की बाईंनी संतांना म्हणे लावलं. फादर म्हणाले, लावू दे.

घरात माझीही सुटका नव्हती.

"स्वारगेटला पाणी भरलंय."

"तुम्ही पाहिलंत?"

"नाही, कंडक्टर म्हणाला."

"मग म्हणे लावा."

एकदा मी तिला विचारलं, चाकवाली झालीच नाही, तर तू तिच्यापुढं मेणबत्ती लावतेस ती कुणाला? म्हणाली, "जिला पोचेल तिला."

आता ती सकाळ. इथं मी पाहिलेलंच लिहितोय.

पहाटेपासून तिला धाप होती. उशांना टेकून बसवलं होतं. माझा हात तिनं घट्ट धरला होता, नखं रुतेपर्यंत. "मला भीती वाटतेय हो," म्हणाली. "काहीतरी करा ना." प्रार्थना म्हणू का विचारलं तर मान हलवली, नको. मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. खालच्या मजल्यावरची एक बाई, आमच्याच चर्चची, रोज सकाळी हिला अंघोळीला मदत करायला यायची. चांगली बाई, मनानं स्वच्छ. ती आली आणि हिच्या दुसऱ्या बाजूला बसली. त्याच्या आधी कधीतरी मी चहासाठी दूध गॅसवर ठेवलं होतं आणि ते साफ विसरलो होतो. ही एकदम म्हणाली, "अहो, वास येतोय. बघा ना."

मी हात सोडवून स्वयंपाकघरात गेलो. दूध आटून गेलेलं, पातेलं काळं ठिक्कर, सगळा धूर. गॅस बंद केला, पातेलं नळाखाली धरलं, खिडकी उघडली. परत आलो तर खालची बाई म्हणाली, "काका..." आणि रडायला लागली.

मी विचारलं, काही बोलली?

"नाही हो. काही नाही. मान कलली फक्त."

हे तिचं तेव्हाचं बोलणं. मी ऐकलेलं.

दफनाला माणसं खूप आली. तिची जुनी पोरं, आता त्यांना पोरं झालेली. खालची बाई रडत रडत सगळ्यांना सांगत होती, "जाताना बाई म्हणाल्या, वास येतोय." बरोबर होतं ते, मीही मान हलवली. सातव्या दिवशी घरी प्रार्थना झाली, तेव्हा वासाचा सुवास झाला होता. मग चर्चच्या बायकांच्या मोबाइलच्या ग्रुपवर गुलाब आले. बाईंना जाताना गुलाबांचा सुवास आला म्हणे. मग खोलीतल्या सगळ्यांनाच आला म्हणे. मग बाई हसल्या, वर हात केला आणि मरीया मातेचं नाव घेतलं. इथं पोचेपर्यंत म्हणे गळून पडलं होतं.

मी बोललो नाही असं नाही. घरी भेटायला आलेल्या बायकांना मी ते पातेलं काढून दाखवलं. म्हटलं, हा तुमचा गुलाब. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. एक हळूच म्हणाली, "काकांना फार लागलंय." दुसरीनं पातेलं माझ्या हातातून घेतलं आणि राख लावून घासून ठेवलं. लख्ख केलं.

मी खाली गेलो. म्हटलं, तू त्या दिवशी मला काय म्हणालीस, मान कलली फक्त. हे हसणं कुठनं आलं?

ती बाई खोटं बोलणारी नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, मी तसं म्हणाले होते का? मला आता डोळे मिटले की तसंच दिसतं हो. हसलेल्याच दिसतात." माझा हात धरून म्हणाली, "वाईट दिसण्यापेक्षा बरं ना?"

तिच्याशी काय भांडणार.

मुलगी बंगळूरला असते. आई गेल्याला महिना झाला, त्या मिस्सेसाठी ती पुन्हा आली. मिस्सेत आईबद्दल दोन शब्द वाचायचे म्हणून तिनं लिहून काढलं. मला वाचून दाखवलं. त्यात गुलाब होते, हसू होतं.

"तुला कुणी सांगितलं?"

"बाबा, खालच्या मावशी होत्या ना तिथं."

"वास दुधाचा होता. जळक्या दुधाचा."

तिनं हातातल्या कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "मी नव्हते इथं. मला फोनवर कळलं, ऑफिसात. आता मी रोज रात्री काय आठवू? जळकं पातेलं? तुमच्याकडे आई आहे बाबा, तुमच्याकडे पन्नास वर्षं आहेत. मला एवढं तरी राहू द्या."

माझ्याकडे आई आहे म्हणे.

मिस्सेत ठेवायला फोटो मोठा करायचा होता. बुधवार पेठेत एका दुकानात गेलो दोघं. मी गेल्या वर्षीचा दिला, त्यात ती कवळीशिवाय हसतेय, गाल आत. मुलीनं तिच्या मोबाइलमधला एक दाखवला, लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हाचा, केस काळे. दुकानदारानं दोन्ही पाहिले.

"काका, आधी ठरवा, फोटो मोठा करायचाय की वय कमी?"

मी म्हटलं, माझावालाच करा.

"करतो की. पण हा वेदीपुढं ठेवलात तर लोक देवाकडे न जाता दाताच्या डॉक्टरकडे जातील."

मुलगी हसली. आल्यापासून पहिल्यांदा हसली होती. म्हणून मी गप्प बसलो. काळ्या केसांचा मोठा झाला. त्यातही त्यानं मशीनवर डोळ्यांखालची वर्तुळं पुसली. वर म्हणाला, त्याचे पैसे नाही घेतले.

मिस्सा करायला तेच फादर येणार होते, पुस्तकं देणारे. त्यांची बदली होऊन खूप वर्षं झाली, आता त्यांचेही केस पांढरे. आदल्या संध्याकाळी ते घरी आले. सगळं जग एका बाजूला असलं तरी हा माणूस माझ्या बाजूचा, असं मी धरून चाललो होतो. त्यांना पाणी दिलं आणि लगेच म्हटलं, "फादर, उद्या ते गुलाब वाचू देऊ नका."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "खालच्या बाई तेव्हा खोलीत होत्या?"

"होत्या."

"आणि तुम्ही?"

"स्वयंपाकघरात. गॅस बंद करायला गेलो होतो."

फादर ग्लास हातात फिरवत बसले.

"काका, वास दुधाचा होता हे तुम्ही सांगू शकता. त्यांना भीती वाटत होती हेही. ते तुम्ही पाहिलंत. पण त्यानंतर त्या हसल्या का, काही बोलल्या का..."

"खालचीच म्हणाली होती ना, मान कलली फक्त!"

"ते तिनं तुम्हाला सांगितलं. तुम्ही पाहिलं नाहीत. आता ती वेगळं सांगतेय. दोन्ही तिचंच."

मला कळलं ते कुठं चाललेत. हा नियम मला पाठ होता. माझ्याच घरात केलेला नियम. पन्नास वर्षं जिच्याबरोबर काढली तिच्या शेवटच्या घटकेबद्दल मी बोलायचं तर म्हणे लावूनच बोलायचं. सरळ सांगायचा हक्क फक्त खालच्या बाईला, आणि तिला ती हसलेली दिसते.

"हसलीही असेल," फादर हळूच म्हणाले.

"म्हणे," मी म्हणालो.

ते उठताना म्हणाले, "उद्या तुम्ही बोला. जे पाहिलं तेवढंच. लोकांना ऐकू दे."

मिस्सा झाली. चर्च भरलेलं. पुढं फुलांत तो फोटो, काळे केस, डोळ्यांखाली काही नाही. क्षणभर मला कळेना ही कोण. मुलीनं वाचलं, छान वाचलं, मागचे लोक नाक पुसत होते. मग फादरांनी मला खूण केली. मी माइकपाशी गेलो. मला असं बोलायची सवय नाही. मी म्हटलं, "गुलाब वगैरे काही नव्हतं. मी दूध गॅसवर विसरलो होतो, ते जळलं, त्याचा वास. ती मला म्हणाली वास येतोय, बघा. आणि ती घाबरली होती. फार घाबरली होती. प्रार्थना नको म्हणाली. माझा हात सोडत नव्हती. मी सोडवून गेलो. एवढंच आहे."

कुणी हललं नाही. मला वाटलं, ऐकलं यांनी.

बाहेर आल्यावर बायकांनी घेरलं. एकीनं माझे दोन्ही हात धरले. "काका, किती साधेपणानं बोललात! प्राण जाताना बाईंचं लक्ष घरच्या दुधात. काय ती माउली!"

"तसं नाही, तिला फक्त वास..."

"आणि भीतीचं म्हणाल तर प्रभू येशूसुद्धा मरणाच्या आदल्या रात्री बागेत घाबरला होता, काका. अगदी तसंच झालं हो."

"त्यालाही तो दुःखाचा प्याला नको झाला होता," दुसरी म्हणाली. "आणि यांनाही प्रार्थना नको झाली."

मी फादरांना शोधलं. ते गाडीपाशी उभे होते आणि त्यांनी हे ऐकलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दोन्ही हात जरासे उचलले आणि खाली सोडले. रिक्षात मुलगी माझ्या खांद्याला टेकून म्हणाली, "बरं झालं बोललात, बाबा. दुधाचंही किती छान वाटलं ऐकून." रात्री तिनं ग्रुपवरचं वाचून दाखवलं. दूध होतं, बाग होती आणि गुलाबही होते. काहीच कमी झालं नव्हतं, उलट भर पडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. मुलगी झोपलेली होती. दारात एक बाई, पलीकडच्या सोसायटीतली, काल चर्चमध्ये मागं बसलेली. सुनेला दिवस गेलेत म्हणाली, आधीची दोन्ही टिकली नाहीत. बाईंच्या अंगावरचं काही असेल तर द्या, तिच्या उशाशी ठेवीन.

मी तिला दारातच सगळं ऐकवलं. म्हटलं, ती घोरायची. रागावली की माझ्याशी बोलायची नाही, ताट आपटून वाढायची. तुमच्यासारख्या उठसूट नवस करणाऱ्या बायांना ती मागं गुडघेघाशा म्हणायची. तिला असलं काही खपायचं नाही. आणि तिनं कुणाला बरं केलं नाही, स्वतःच्या पायांची सूज उतरवता आली नाही तिला.

बाई शांतपणे ऐकत उभी होती. मी थांबल्यावर म्हणाली, "माहीत आहे, काका. खऱ्या संत अशाच असतात."

तिच्या पायात दोन वेगळ्या चपला होत्या. घाईत निघाली असणार.

मी आत गेलो. कपाट उघडलं. तिचं रोजचं निळं सुती पातळ वरच होतं. काठ दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. जुनं होतं, लगेच फाटलं. वीतभर तुकडा नेऊन दिला. तिनं तो कपाळाला लावला, पदराच्या टोकाला बांधला आणि जिना उतरून गेली.

मी दार लावलं, पलंगावर बसलो आणि उरलेल्या पातळाचे वीत-वीतभर तुकडे फाडत बसलो. आणखी येणार होत्या.